भाजी कापायची फळी घरीच करू या

गोंदिया जिल्ह्यातील गावोगावी घरकुले उभी राहिली. रमाई आवास योजनेतून आपल्या वस्त्यांतही विटा-सिमेंटची घरे आली. मातीची चूल मागे पडली, तिच्या जागी ओटा आला. गॅसची शेगडी ओट्यावर चढली, भांडी मांडणीवर चढली आणि स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. भाजी तेवढी अजून जमिनीवरच राहिली, कारण आपली पावशी! पुण्या-मुंबईकडे जिला विळी म्हणतात तीच ही पावशी. ती ओट्यावर चालत नाही. तिच्या पाटावर पाय दाबून खाली बसावेच लागते.

म्हणजे घरची बाई उभी राहून फोडणी घालते, खाली बसून कांदा चिरते, पुन्हा उठते, पुन्हा टमाटरासाठी बसते. तरुणपणी हे निभते. पुढे गुडघे बोलू लागतात. धानाच्या बांधीत दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या, किंवा मांडीवर सूप घेऊन सकाळपासून बिड्या वळणाऱ्या आमच्या माय-भगिनींच्या कमरेला आणि गुडघ्याला घरी आल्यावर तरी थोडा आराम नको काय?

दुसरी गोष्ट थोडी टोचणारी आहे, पण लिहिली पाहिजे. पावशीवर बसून रोजची भाजी चिरणारा पुरुष आपण किती घरांत पाहिला? लग्नाच्या पंगतीसाठी पोतेभर कांदे चिरायला माणसे हौसेने बसतात. रविवारी मटण बारीक करून देतात. मात्र सोमवारची वांगी चिरायची वेळ आली की सगळे बाहेर ओसरीवर! स्त्रियांच्या हक्कांचे हिंदू कोड बिल रखडवले म्हणून बाबासाहेबांनी 1951 च्या सप्टेंबरमध्ये मंत्रिपदावर पाणी सोडले. त्यामागे इतरही कारणे होती, तरी हे मोठे कारण होते. त्यांचा फोटो ज्या घरात दर्शनी भिंतीवर आहे, त्या घरात भाजी चिरणे हे जन्मभर बाईचेच काम का असावे? ओट्यावर फळी आणि सुरी असली तर शाळेतून आलेला पोरगाही उभ्या उभ्या दोन कांदे कापून देतो. त्यासाठी त्याला मांडी घालून बसावे लागत नाही आणि त्याची पुरुषी अढीही आड येत नाही. एवढ्याशा लाकडाने घरात समता येईल असे मी म्हणत नाही. सुरुवात करायला सबब मात्र उरत नाही.

काही घरांत ओट्यावर वर्तमानपत्र पसरून त्यावरच भाजी कापतात. छपाईची शाई पोटात जाण्याजोगी नसते. देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्ये वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ गुंडाळू नयेत असा इशारा दिला होता, तो यासाठीच. आपले साप्ताहिकही याला अपवाद नाही. वाचून झाल्यावर शेजाऱ्याला द्यावे, कांद्याखाली घालू नये.

बाजारात प्लॅस्टिकच्या फळ्या मिळतात. त्या धुवायला सोप्या, म्हणून आरोग्याला चांगल्या असा समज आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लिव्हर या शास्त्रज्ञाने 1990 च्या दशकात याची तपासणी केली. कच्च्या मांसात आढळणारे जंतू लाकडी आणि प्लॅस्टिकच्या फळ्यांवर सोडून पाहिले. लाकडाने ओलावा आत ओढून घेतला, त्याबरोबर जंतूही आत गेले, आणि तिथे ते वाढले नाहीत, हळूहळू मेले. नवे प्लॅस्टिक स्वच्छ करता आले. सुरीचे चर पडलेल्या जुन्या प्लॅस्टिकमध्ये मात्र जंतू ठाण मांडून बसले. याचा अर्थ लाकडी फळी न धुता चालते असा कोणी घेऊ नये. लाकडाला उगाच घाणेरडे ठरवू नये, एवढाच त्याचा अर्थ.

हात आपले, हुन्नर आपले

‘सुतारकाम हे आपले काम नाही,’ असे म्हणणारे वडीलधारे अजून भेटतात. आपले काम कोणते होते, हे मग त्यांना विचारावे. आपल्या झाडीपट्टीतील महार समाज जाडेभरडे कापड विणणारा होता. इंग्रजी अमदानीतील सरकारी नोंदींतही हे आढळते. गिरणीचे कापड आले आणि घरचे माग बसले. नागपुरात 1877 मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे आपल्यातील कितीतरी माणसे अशा गिरण्यांत मजूर म्हणून गेली, काही बिडीच्या कारखान्यांकडे वळली. सूत ताणणारी, तेंदूपान एका मापात कातरणारी ही बोटे आहेत. रंधा धरायला ती कमी पडणार नाहीत.

धंदा जन्मावरून ठरावा या रीतीवरच बाबासाहेबांनी 1936 मध्ये ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ लिहून घाव घातला. त्यामुळे सुताराच्या मुलाने वकील व्हावे आणि आपल्या मुलाने हौसेने सुतारकाम शिकावे, या दोन्ही गोष्टी सारख्याच आनंदाच्या. बुद्धधम्मात सम्यक आजीविका सांगताना शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार वर्ज्य सांगितला आहे. करवतीला कोठेही मनाई नाही.

लाकूड कोठले घ्यावे?

पहिली गोष्ट, जंगलातून आणू नये. आपला जिल्हा जंगलाचा. नवेगाव आणि नागझिरा मिळून 2013 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. भारतीय वन अधिनियम 1927 चा आहे आणि तो आजही लागू आहे. एका फळीसाठी सागाचा ओंडका डोक्यावर आणला, तरी कायद्याच्या भाषेत तो गुन्हाच. गरिबाची केस लवकर उभी राहते आणि उशिरा संपते. स्वतःच्या शेतातले झाड असले तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम 1964 प्रमाणे साग, आंबा, चिंच, मोह अशी झाडे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. वाऱ्याने पडलेल्या झाडाबद्दलही आधी वनरक्षकाला किंवा तलाठ्याला विचारून घ्यावे. आरामशीनवरून लाकूड घेतले तर पावती घ्यावी आणि ती जपून ठेवावी. मी कारकून माणूस, कागदाचे मोल मला ठाऊक आहे.

सर्वांत चांगले लाकूड आपल्या घराच्या मागेच पडलेले असते. घरकुल बांधताना जुने कवलारू घर उतरवले, त्याच्या चौकटी, वासे, दाराच्या फळ्या कोंबड्यांच्या खुराड्यावर नाहीतर सरपणात जातात. तीस-चाळीस वर्षे घरात राहिलेले ते सागाचे लाकूड इतके वाळलेले असते की नव्या लाकडाला तशी सर येत नाही. सागात नैसर्गिक तेल असते, म्हणून पाणी लवकर मुरत नाही आणि वाळवीही सहजी लागत नाही. त्यात वाळूसारखा कणही असतो. त्यामुळे रंध्याचे पाते लवकर बोथट होते, पण काम सुबक येते. सोनेरी-तपकिरी गाभा घ्यावा. कडेचा पांढरट भाग किडीला लवकर बळी पडतो, तो सोडावा.

जुन्या लाकडात तीन धोके असतात. एक, खिळे. लोहचुंबक फिरवून पाहावे, नाहीतर करवतीचे दात जातील. दुसरा, ऑइलपेंट. घरगुती रंगांतील शिशाच्या प्रमाणावर केंद्र सरकारने 2016 मध्ये नियम केला आणि तो 2017 मध्ये लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते. असा रंग घासून काढला तर त्याची धूळ लहान मुलांच्या नाकातोंडात जाते. म्हणून रंगवलेले लाकूड या कामाला नकोच. तिसरा, वाळवी लागू नये म्हणून फासलेले जळके ऑइल. ते लाकडात खोल मुरते आणि कितीही रंधा मारला तरी वास जात नाही.

गोंदिया हे रेल्वेचे मोठे जंक्शन. इथून जबलपूरकडे पूर्वी छोटी लाइन जात असे. अशा लाइनींचे जुने लाकडी स्लीपर कोणाकोणाच्या घरी खांब म्हणून, गोठ्यात आडवे म्हणून दिसतात. लाकूड दणकट, पण स्लीपर सडू नये म्हणून त्याला क्रिओसोट नावाचे डांबरी तेल पाजत असत. ते विषारी आहे. स्लीपरची फळी स्वयंपाकघरात मुळीच आणू नये.

सागाशिवाय काय चालते? रविवारी मटणाच्या दुकानापुढे उभे असताना खाटकाचा ठोकळा नीट पाहावा. तो बहुधा चिंचेचा असतो. चिंचेचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. कोयत्याचे घाव वर्षानुवर्षे सोसूनही त्याचे छिलके उडत नाहीत. चिंच रंधायला फार कठीण, म्हणून नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये. आंबा स्वस्त आणि हाताला मऊ, पण नीट वाळवला नाही तर त्याला घुण लागते आणि काळे डाग पडतात. बाभूळ कठीण आणि टिकाऊ. शिवण हलकी, आणि वाकडी होत नाही हा तिचा मोठा गुण. कडुनिंबाचा कडवट वास ताज्या लाकडाला बराच काळ राहतो.

बीजा मात्र टाळावा. बीजाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी मधुमेहाचे रोगी पितात, ते आपण पाहिले आहे. त्या पाण्याचा रंग बदलतो. तसाच रंग ओल्या भाजीला लागेल. बिब्याचे लाकूड तर हातीच धरू नये, बिबा उततो हे झाडीपट्टीत कोणाला सांगायला नको. कुचल्याचे झाडही विषारी. लाकूड ओळखू येत नसेल तर ते सरळ बाजूला ठेवावे.

वाळवण

नवे लाकूड असेल तर धीर धरावा लागतो. फळीच्या जाडीच्या प्रत्येक इंचाला साधारण एक वर्ष, असा जुना हिशेब आहे. फळ्या सावलीत, जमिनीपासून वर, मध्ये सारख्या जाडीच्या काड्या घालून एकावर एक रचाव्यात. वारा चारी बाजूंनी खेळला पाहिजे. पाणी फळीच्या टोकांतून झपाट्याने उडते, म्हणून टोके आधी चिरतात. त्यांना मेण लावून ठेवावे. फळी वाळली की नाही हे कसे कळावे? किराणा दुकानाच्या काट्यावर दर पंधरा दिवसांनी वजन करून वहीत लिहावे. वजन उतरायचे थांबले की फळी तयार. हे काम मुलांकडे द्यावे, त्यांनाही गंमत वाटते.

पावसाळ्यात दार चौकटीत अडते आणि उन्हाळ्यात त्याच दारातून उजेड दिसतो. लाकूड रुंदीला फुगते आणि आटते, लांबीला जवळजवळ नाही. आपल्याकडे मेचा फुफाटा आणि जुलै-ऑगस्टचा धो धो पाऊस यांत मोठे अंतर, त्यामुळे हा खेळ जास्तच. फळी निवडताना तिचे टोक पाहावे. तिथे झाडाच्या वर्तुळांच्या रेषा दिसतात. त्या उभ्या असतील तर फळी सपाट राहील. कमानीसारख्या असतील तर पुढे मागे ती पन्हळीसारखी वाकेल.

घडण

पहिल्या वेळी जोड देण्याच्या भानगडीत पडू नये. एकसंध फळी घ्यावी. साधा पांढरा डिंक ओलाव्यात सुटतो, आणि खालून आडवी पट्टी खिळ्यांनी ठोकली तर लाकडाला फुगायला-आटायला जागा राहत नाही, शेवटी फळी मधोमध तडकते. घरच्या वापराला बारा इंच लांब, नऊ इंच रुंद आणि एक इंच जाड एवढे माप पुरे. त्याहून पातळ केली तर लवकर वाकते, फार जाड केली तर बाई उचलून धुवायला कंटाळते.

गुण्या लावून पेन्सिलीने रेघ मारावी, करवत रेघेच्या बाहेरून चालवावी. रंधा तंतूंच्या दिशेने मारावा. उलट्या दिशेने मारला की लाकूड उचकटते, हाताला लगेच कळते. रंधा घरात नसेल तर गावातल्या सुतारदादाकडे फळी न्यावी, त्याच्या मेहनतीचे पैसे द्यावेत आणि तो रंधा कसा धरतो ते पाहत उभे राहावे. चांगला कारागीर विचारले तर सांगतो. कडा आणि कोपरे कानशीने गोल करावेत, हात कापत नाही आणि ओट्यावर आपटली तरी छिलका निघत नाही. टांगायला एका कोपऱ्यात गिरमिटाने भोक पाडावे. भोक पाडताना खाली दुसरे टाकाऊ लाकूड ठेवावे, म्हणजे मागची बाजू फाटत नाही.

मग पॉलिश पेपर. आधी 80 नंबर, मग 120, मग 220. घाई करून मधला नंबर गाळला तर आधीचे ओरखडे तसेच राहतात. घासताना तोंडावर रुमाल बांधावा, सागाची धूळ कित्येकांना खाज आणते. शेवटी ओल्या फडक्याने फळी पुसून वाळू द्यावी. लाकडाचे बारीक रोम उभे राहतात, हाताला खरखर लागते. पुन्हा 220 नंबरने हलकेच घासावे. हे एकदा केले की पुढे पहिल्या धुण्यात फळी खरखरीत होत नाही.

तेल

तेलाच्या बाबतीत चूक फार होते. शेंगदाण्याचे, मोहरीचे तेल फळीला लावले की चार दिवस चकाकते, नंतर चिकटते, खवट वास येतो. ही तेले वाळत नाहीत. वाळणारे तेल आपल्याच बांधीत पिकते. ते जवसाचे. धान कापायच्या आधी ओलीत लाखोळी आणि जवस फेकायची आपली जुनी पद्धत. घाणीवरचे शुद्ध जवसाचे तेल फडक्याने पातळ लावावे, पाव तासाने जादा तेल पुसून घ्यावे आणि फळी हवेशीर जागी उभी ठेवावी. पूर्ण वाळायला आठवडा, कधी दोन आठवडेही लागतात. असे तीन हात द्यावेत. दोन्ही बाजूंना सारखे द्यावे. एकाच बाजूला दिले तर दुसऱ्या बाजूने ओलावा शिरतो आणि फळी वाकते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे ‘बॉइल्ड’ जवस तेल खिडकी-दाराला ठीक, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, ते अन्नाला लागू नये.

एक गोष्ट घरातल्या सर्वांना सांगून ठेवावी. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना गरम होते, आणि बोळा करून ठेवलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. चिंध्या दोरीवर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून मग टाकाव्यात.

जवस मिळाले नाही तर औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळते, पोट साफ व्हायला देतात तेच. ते वाळत नाही, पण खवटही होत नाही. चार भाग पॅराफिन आणि एक भाग मधमाशीचे मेण गरम पाण्यात भांडे ठेवून वितळवावे आणि थंड झाल्यावर फळीला चोळावे. दर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा लावावे लागते.

वापर सोपा. फळीखाली ओले फडके ठेवले की ती सरकत नाही. काम झाले की साबणाने धुऊन, पुसून, उभी ठेवावी. बादलीत भिजत घालू नये, कडक उन्हातही टाकू नये. वास राहिला तर मीठ आणि लिंबाची फोड चोळावी. मासोळी आणि कोंबडीसाठी वेगळी फळी असावी, आणि ती चुकून भाजीला लागू नये म्हणून तिच्या भोकात लाल दोरी बांधावी.

बचत गटाचा हिशेब

चार-पाच बायांच्या बचत गटाने हे काम विक्रीसाठी करायचे म्हटले तर आकडेमोड अशी. लाकूड घनफुटावर मिळते. एका घनफुटात 1728 घन इंच. बारा-नऊ-एक मापाच्या फळीला 108 घन इंच लागतात, म्हणजे कागदावर सोळा फळ्या निघतात. करवतीची भुकटी, रंध्याचे छिलके, टोकांची काटछाट धरली तर फळी मुळात तेरा-दहा-सव्वाची घ्यावी लागते, आणि घनफुटाला दहाच फळ्या हाती येतात. किंमत ठरवताना दहानेच भागावे. सोळाने भागणारा गट पहिल्याच महिन्यात तोट्यात जातो. मजुरीही धरावी. घरच्या बायांचे श्रम फुकट धरून नफा दाखवणे हा आपल्याकडचा जुना रोग आहे.

भांडवलासाठी 1978 मध्ये स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे, ‘उमेद’चे गट आहेत. केंद्र सरकारने 17 सप्टेंबर 2023 रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यातील अठरा धंद्यांत सुतारकाम आहे, प्रशिक्षण आहे आणि हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत आहे. तिच्या भाषेत मात्र कुटुंबाच्या पारंपरिक धंद्यावर भर आहे. ही अट काढावी असे तामिळनाडू सरकारने म्हटले आणि 2024 मध्ये आहे त्या स्वरूपात ही योजना राबवायला नकार दिला. बापाचा धंदा तोच मुलाचा, या चालीला सरकारी शिक्का बसू नये ही त्यांची हरकत मला रास्त वाटते. तरीही ज्याला ही कला येते त्याने अर्ज जरूर करावा. मुलामुलींना नियमित शिकायचे असेल तर आयटीआयची वाट सरळ आहे, तिथे बाप काय करतो हे विचारत नाहीत.

विक्रीआधी एक फळी आपल्या विहारासाठी करावी. चौदा एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या जेवणाला मुले सतरंजीवर ताटे उलटी करून कांदे कापतात, ते पाहवत नाही. विहाराची फळी अडीच फूट लांब आणि सव्वा फूट रुंद असावी, दोन माणसे समोरासमोर उभी राहून कापू शकतील. जाडी दीड इंचाहून कमी नको. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, तेव्हा हवा दमट होते आणि जवसाचे तेल वाळता वाळत नाही. म्हणून तेलाचे तिन्ही हात मे महिन्यातच देऊन टाकावेत.